चालायच्या आधीच उतरलेला बीपी: एका थिसिसचं प्रकरण

ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयातल्या रेसिडेंट डॉक्टरच्या थिसिसमध्ये तक्ता क्रमांक ७ असा होता: शिबिरातला वरचा बीपी सरासरी १६०, तीन महिन्यांनंतर १४६, फरक १४, पेअर्ड टी टेस्ट (त्याच माणसांच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना), पी व्हॅल्यू (खरा फरक शून्य असता तर एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००१ हून कमी. खाली निष्कर्ष लिहिलेला: रोज अर्धा तास चालण्याच्या कार्यक्रमामुळे रक्तदाबात लक्षणीय घट झाली. आकडे बरोबर होते, गणित बरोबर होतं, टेस्टही पुस्तकात सांगितलेलीच. तरीही त्या १४ मधले बहुतेक पॉइंट चालण्याच्या खात्यावर मांडता येत नव्हते, आणि हे दाखवणारा पुरावा त्याच थिसिसच्या मास्टर चार्टमध्ये, म्हणजे प्रत्येक माणसाच्या सगळ्या नोंदी असलेल्या मूळ तक्त्यात, पडून होता.

आधीच सांगून ठेवतो. हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. रुग्णालय, माणसं, शिबिर आणि शिबिराचे आकडे काल्पनिक आहेत. पुढे ज्या प्रसिद्ध अभ्यासांचे उल्लेख येतात ते आणि त्यांचे आकडे मात्र खरे. रचलेल्या भागातला गुंताही खराच म्हणायचा, कारण थिसिसच्या मोसमात संख्याशास्त्राच्या माणसाकडे येणाऱ्या फायलींत तो हमखास असतो.

शिबिर आणि फाइल

जानेवारीतला रविवार. वागळे इस्टेटमधल्या एका शाळेचा हॉल, दुसऱ्या मजल्यावर. रुग्णालयाने मोफत तपासणी ठेवली होती आणि ४०० माणसं आली. दोन सिस्टर डायलवाली मशीन घेऊन बसल्या. रांग जिन्यापर्यंत, त्यामुळे माणूस जिना चढून आला की थेट खुर्चीत आणि दंडाला कफ. प्रत्येकाचं एकच रीडिंग. ज्यांचा वरचा बीपी १५० किंवा जास्त आला अशा ७५ जणांना चिठ्ठी दिली: पुढच्या आठवड्यात ओपीडीत या, अभ्यासात भाग घ्यायचा असेल तर संमतीपत्र भरू.

६१ जण आले. त्यांना कार्ड मिळालं. सकाळी साडेसहाला एक गट कचराळी तलावाभोवती, दुसरा उपवनला, प्रत्येक गटाबरोबर एक आरोग्यसेविका आणि हजेरीचं रजिस्टर. एप्रिलच्या शेवटी पुन्हा बीपी. त्या वेळी ५२ जण हजर होते. तक्ता ७ या ५२ जणांचा.

गाइड मॅडम रुग्णालयातल्या अनुभवी फिजिशियन, रुग्णांना गोळ्या कमी आणि चालणं जास्त सांगणाऱ्या. त्यांचा या कार्यक्रमावर मनापासून विश्वास होता, आणि माझ्या मते तो चुकीचाही नव्हता. मार्केटिंगवाल्यांना तर घोडबंदर रोडवर लावायला फ्लेक्स हवाच होता: 'फक्त चाला! तीन महिन्यांत बीपी १४ ने खाली.' फ्लेक्सचं डिझाइन तयार झालं होतं. थिसिस जमा करण्याआधी संख्याशास्त्रज्ञाची नजर फिरवून घ्यावी म्हणून रेसिडेंट नौपाड्यात राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेली.

"सर, ॲनालिसिस झालंय. एकदा बघून घ्याल का?"

"तक्ते नंतर बघू, डॉक्टर. आधी मास्टर चार्ट उघडा."

ही सवय चांगली आहे. तक्त्यात तेवढंच दिसतं जेवढं करणाऱ्याला विचारावंसं वाटलं. मास्टर चार्टमध्ये न विचारलेलंही असतं.

पहिली गोष्ट सरांना लगेच दिसली. ४०० पैकी २३० रीडिंग शून्यावर संपत होती: १३०, १४०, १५०. काटा हलत असतो, सिस्टर जवळच्या गोल आकड्यावर लिहितात. हे जगभर होतं आणि त्यात कोणाचा खोटेपणा नसतो. पण निवडीची रेषाच १५० वर असेल तर १४६ चे किती १५० झाले हे कळायला मार्ग राहत नाही. सरांनी वहीत टीप केली आणि पुढे सरकले.

मग उजवीकडे सरकता सरकता एक कॉलम आला: 'एनरोलमेंट बीपी'. संमतीपत्र भरायला माणूस आला, त्या दिवशी घेतलेलं रीडिंग. फॉर्ममध्ये रकाना होता म्हणून ते भरलेलं. थिसिसमध्ये त्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

"हे कधीचं?"

"शिबिरानंतर आठवड्याने, सर. कार्ड द्यायच्या आधी. ते प्रोटोकॉलमध्ये नव्हतं, म्हणून घेतलं नाही ॲनालिसिसला."

"या ५२ जणांची सरासरी काढा."

१५०.

तलावाभोवती एकही फेरी व्हायच्या आधी १६० चा १५० झाला होता. पुढच्या तीन महिन्यांत तो १४६ वर आला.

न चालणारी चारशे माणसं

रेसिडेंटचा पहिला अंदाज होता की शिबिरातली मशीन बिघडलेली असणार. दुसरा अंदाज, लोक घाबरले असतील. दुसऱ्यात तथ्य होतं: जिना, गर्दी, पाच मिनिटं शांत न बसता घेतलेलं रीडिंग, हे सगळं बीपी चढवतं. पण यातलं काहीही नसतं, मशीन नवी कोरी आणि माणसं निवांत असती, तरीसुद्धा बराचसा उतार दिसलाच असता. हे पटवायला सरांनी शब्द खर्च केले नाहीत. एक्सेल उघडलं.

एका कॉलममध्ये ४०० काल्पनिक माणसांचा 'नेहमीचा' बीपी: सरासरी १३४, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १४. शेजारी त्या दिवसाचा चढउतार: सरासरी शून्य, विचलन साधारण ११. दोन्हींची बेरीज म्हणजे शिबिरातलं रीडिंग. मग त्याच माणसांना वेगळ्या दिवसाचा वेगळा चढउतार देऊन दुसरं रीडिंग. औषध नाही, चालणं नाही, वेळही गेलेला नाही. पहिलं रीडिंग १५० किंवा वर असलेल्यांना गाळून घेतलं: सत्तर-पंच्याहत्तर माणसं निघाली, सरासरी १६० च्या आसपास. त्यांचं दुसरं रीडिंग १५० च्या आसपास.

"आता एफ-नाइन दाबा."

दाबलं की नवी चारशे माणसं. उतार कधी ८, कधी १२, बहुतेकदा १० च्या जवळ. रेसिडेंटने पेअर्ड टी टेस्टही शेजारी लावली. जवळजवळ दर वेळी पी ०.००१ च्या खाली. एक्सेलमधलं कोणीही चपला घातल्या नव्हत्या आणि निकाल 'सिग्निफिकंट' येत होता.

माझ्या मते पी व्हॅल्यूवरच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा ही पाच मिनिटं जास्त शिकवतात. प्रत्येक मेडिकल कॉलेजात रिसर्च मेथडॉलॉजीच्या वर्कशॉपमध्ये हे करून घ्यायला हवं. त्याऐवजी तिथे एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण दाबायचं हे शिकवतात.

मागची यंत्रणा साधी आहे. एका दिवसाचं रीडिंग म्हणजे माणसाचा स्वतःचा बीपी आणि त्या दिवसाचं दान, म्हणजे योगायोगाचा चढउतार. १५० ची रेषा आखून वरचे तेवढे उचलले की त्यात दोन प्रकारचे लोक येतात: ज्यांचा बीपी खरोखर जास्त आहे ते, आणि ज्यांचा तो दिवस वाईट होता ते. उलट, ज्यांचा बीपी खरा जास्त पण त्या दिवशी खाली होता ते रेषेखाली राहतात, आपल्या हातात येतच नाहीत. दुसऱ्या दिवशी दान बदलतं आणि निवडलेल्या गटाची सरासरी उतरते. किती उतरेल याचा हिशेब कागदावर होतो. शिबिराची एकूण सरासरी १३४, निवडलेल्यांची १६०, म्हणजे २६ वर. दोन दिवसांच्या रीडिंगमधला सहसंबंध (दोन्ही किती जुळतात याचं माप, पूर्ण जुळली तर १) ०.६ धरला तर त्या २६ पैकी साठ टक्के टिकतात आणि १०.४ गळून पडतात. सहसंबंध ०.७ धरला तर जवळपास ८, ०.५ धरला तर १३. कुठलाही धरा, शून्य येत नाही.

याला संख्याशास्त्रात रिग्रेशन टू द मीन म्हणतात, सरासरीकडे परतणं. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली २०५ कुटुंबांतल्या ९२८ प्रौढ मुलामुलींच्या उंचीवरून ते मांडलं: फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण आईवडिलांइतकी सरासरीपासून दूर नसतात. वैद्यकात ते जिथे जिथे 'जास्त आलेल्यांना निवडा आणि पुन्हा मोजा' असं होतं तिथे तिथे हजर असतं: साखर, कोलेस्टेरॉल, दुखण्याचा स्कोअर, दम्याचे अटॅक. कंबर सर्वात जास्त दुखत असते तेव्हाच माणूस डॉक्टरकडे जातो. पुढच्या आठवड्यात बरं वाटतं आणि श्रेय तेलाला मिळतं.

आपल्याकडे या विचाराची एक जुनी ओळख आहे, ती फारशी सांगितली जात नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. आहार सर्वेक्षणात ठरावीक कॅलरीच्या खाली दिसलेला प्रत्येक माणूस कुपोषित मोजला तर आकडा फुगतो, कारण एकाच माणसाचं खाणं आणि खर्च होणारी ऊर्जा दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते, असा त्यांचा मुद्दा होता. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं हा त्यांचा पुढचा दावा वादग्रस्त ठरला. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी तर त्यांच्याशी जाहीर वाद घातला, आणि गरिबीचा प्रश्न अशाने झाकला जातो ही टीका वाजवीच होती. पण एका दिवसाच्या मोजमापावर माणसाला कप्प्यात टाकताना सांभाळा, हा पहिला भाग वागळे इस्टेटच्या हॉलला तंतोतंत लागू पडतो.

चौदा आणि चौदा

गाइड मॅडमना एक्सेलचा खेळ पटला नाही. त्यांचं म्हणणं होतं की काल्पनिक माणसं काहीही करतील, खऱ्या रुग्णांत १४ हा मोठा फरक आहे. आक्षेप रास्त आहे, आणि त्याला खऱ्या रुग्णांतलंच उत्तर आहे.

तीन किंवा अधिक औषधं घेऊनही बीपी १६० च्या वर राहणाऱ्या रुग्णांसाठी एक उपाय निघाला: मूत्रपिंडाच्या रोहिणीत कॅथेटर घालून तिच्याभोवतीच्या मज्जातंतू उष्णतेने निकामी करायच्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या सिम्प्लिसिटी एचटीएन-२ या १०६ रुग्णांच्या चाचणीत उपचार घेतलेल्यांचा बीपी सहा महिन्यांत ३२ ने उतरला, न घेतलेल्यांचा जागच्या जागी राहिला. जगभर उत्साह पसरला. पण कोणाला काय मिळालं हे त्या चाचणीत सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या, २०१४ च्या एचटीएन-३ मध्ये ५३५ रुग्ण होते, आणि तुलनेच्या गटालाही टेबलवर झोपवून, अँजिओग्राफी करून, खोटी प्रक्रिया केली. कोण कुठल्या गटात हे रुग्णाला माहीत नाही, बीपी मोजणाऱ्यालाही नाही. सहा महिन्यांनी उपचार गटाचा बीपी १४.१३ ने उतरला. खोट्या प्रक्रियेच्या गटाचा ११.७४ ने. फरक २.३९, पी ०.२६. पुढे सुधारित उपकरणांच्या चाचण्यांत माफक फायदा दिसला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्यांना परवानगीही मिळाली, पण ३२ कुठे आणि माफक कुठे.

तिथेही उतार १४ चाच, आणि त्यातला जवळजवळ १२ काहीच न करता मिळालेला. तो सगळा सरासरीकडे परतणं नव्हे. लक्ष दिलं जातंय म्हणून गोळ्या वेळेवर घेणं, मीठ कमी करणं, मोजण्याच्या जागेची सवय होणं, सगळं त्यात मिसळलेलं. तुलनेचा गट असला की हे वेगळं करत बसावं लागत नाही. दोन्हीकडे सारखंच असतं, वजाबाकीत जातं.

मॅडमनी तो आकडा दोनदा वाचला आणि फ्लेक्सचं काम थांबवायला सांगितलं. मार्केटिंगवाले नाराज झाले. त्यांच्यासाठी १४ हा १४ होता.

आता पी व्हॅल्यूकडे. तक्ता ७ मधल्या फरकाचं विचलन १५, माणसं ५२, म्हणून प्रमाण त्रुटी (सरासरी योगायोगाने साधारण किती हलू शकते) २.०८ आणि ९५ टक्के विश्वासांतर (आकड्यांशी सुसंगत असा खऱ्या फरकाचा टप्पा) ९.८ ते १८.२. टेस्टने विचारलेला प्रश्न होता, खरा फरक शून्य असू शकतो का? उत्तर नाही, आणि ते बरोबरच. पण या रचनेत काहीच न करता मिळणारा उतार शून्य नव्हता, १० च्या घरात होता, आणि १०.४ हा त्या विश्वासांतराच्या आत बसतो. पी कितीही लहान असो, चुकीच्या आकड्याशी केलेल्या तुलनेचं ते अचूक उत्तर होतं.

उरलेले चार

एनरोलमेंटपासून मोजलं तर १५० वरून १४६. फरक ४, विश्वासांतर ०.२ ने चढण्यापासून ८.२ ने उतरण्यापर्यंत, पी ०.०६.

इथे रेसिडेंटचा चेहरा पडला. "म्हणजे नॉट सिग्निफिकंट. चालण्याचा उपयोगच नाही?"

हा अर्थ पहिल्या निष्कर्षाइतकाच चुकीचा आहे. ०.०६ म्हणजे परिणाम नाही असं नव्हे. परिणाम किती मोठा किंवा किती महत्त्वाचा हे पी व्हॅल्यू सांगतच नाही, हे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली निवेदन काढून सांगितलं. उच्च रक्तदाब असलेल्यांत नियमित एरोबिक व्यायामाने वरचा बीपी साधारण ५ ते ८ ने उतरतो असं अमेरिकेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं अनेक चाचण्यांच्या आधारे सांगतात. त्यामुळे ४ हा आकडा अजिबात अजब नाही. चालण्याने बीपी उतरत असावा. ठाण्यातल्या या ५२ जणांवरून ते सिद्ध होत नाही, एवढंच.

आणि त्या ४ वरही अनेकांचा हक्क आहे. एनरोलमेंट जानेवारीत, शेवटचं रीडिंग एप्रिलच्या उकाड्यात. थंडीत बीपी चढा आणि उन्हाळ्यात उतरता असतो हे बऱ्याच देशांत नोंदलेलं आहे. त्यात ५२ पैकी ११ जणांना मधल्या काळात घराजवळच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती. हे मास्टर चार्टच्या 'रिमार्क्स'मध्ये होतं, कोणी 'ॲम्लो ५ स्टार्टेड' लिहिलेलं, कोणी नुसतंच 'ऑन टॅब'.

रेसिडेंटने सुचवलं, "सर, हे ११ काढून टाकले तर? ४१ वर करू ॲनालिसिस."

सुचणं स्वाभाविक, करणं घातक. गोळी कोणाला सुरू झाली? ज्यांचा बीपी मधल्या तपासणीतही वरच राहिला त्यांना. ते काढले की उरतात ज्यांचा आपोआप उतरला ते. मग उरलेला उतार चालण्याचा की निवडीचा? ठेवले तर गोळीचं काम चालण्याच्या नावावर जमा होतं, काढले तर चाळणी दुसऱ्यांदा लागते. तुलनेच्या गटाशिवाय यातून सुटका नाही. सरांनी त्यांना ठेवायला आणि ११ हा आकडा ठळकपणे सांगायला सांगितलं.

मॅडमकडे शेवटचा हुकमी पुरावा होता: हजेरीचं रजिस्टर. ज्यांची हजेरी ८० टक्क्यांहून जास्त त्यांचा बीपी इतरांपेक्षा जास्त उतरला होता. "डोस तसा रिस्पॉन्स आहे, सर. आता काय म्हणाल?"

सरांनी कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट काढला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवरची ही अमेरिकेतली मोठी चाचणी. तिच्यातल्या क्लोफायब्रेट या औषधाबद्दलचा एक निबंध १९८० साली आला. औषध नियमित घेणाऱ्यांत पाच वर्षांतले मृत्यू १५ टक्के, टाळाटाळ करणाऱ्यांत जवळपास २५ टक्के. इथवर औषध जिंकल्यासारखं वाटतं. मग प्लासिबोचा गट: निष्क्रिय गोळी नियमित घेणाऱ्यांत १५ टक्के, न घेणाऱ्यांत २८ टक्के. गोळीत काहीच नव्हतं. नियमितपणे गोळी घेणारा माणूसच वेगळा होता. सकाळी साडेसहाला रोज कचराळीला पोचणारा माणूसही असाच वेगळा असतो: झोप बरी, शिफ्टची नोकरी नाही, घरात कोणीतरी डबा करून देतंय, गोळीची वेळ चुकत नाही. त्याच्या बीपीतून त्याचं चालणं तेवढं वेगळं काढायचं कसं?

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी रुग्णाला चाला म्हणायचंही नाही का?"

"म्हणा की. मीही चालतो. फक्त तक्ता ७ च्या जोरावर म्हणू नका."

जे तक्त्यात नाहीत

सरांनी एक काम रेसिडेंटला दिलं जे कुठल्याच सॉफ्टवेअरने होत नाही. कार्ड घेऊन शेवटी न आलेल्या ९ जणांना आणि चिठ्ठी मिळूनही न आलेल्या १४ जणांना फोन लावायचा.

चिठ्ठीवाल्यांपैकी काहींनी घरच्या मशीनवर मोजलं होतं, नॉर्मल आलं, म्हणून आले नाहीत. ते सरासरीकडे परतणं घरबसल्याच करून मोकळे झाले होते. दोघांना सुट्टी मिळत नव्हती. कार्ड घेतलेल्या ९ जणांपैकी तिघं रात्रपाळीला लागले, दोघं गावी गेले, तिघांनी फोन उचलला नाही. आणि एका काकांच्या मुलीने सांगितलं की मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला, ते तेव्हापासून अंथरुणावर आहेत.

थिसिसमध्ये या काकांची नोंद 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणजे पुढे संपर्क राहिला नाही, अशी होती. बीपीच्या अभ्यासात घडू शकणारी सर्वात महत्त्वाची गोष्ट घडली होती, आणि शेवटचं रीडिंग नसल्यामुळे ती सरासरीत कुठेच दिसत नव्हती. जितके वाईट निकाल गळतात तितकी सरासरी सुंदर दिसते. म्हणून चांगल्या चाचणीत ज्याला ज्या गटात टाकला त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजतात, तो चालो न चालो. आणि जो आला नाही त्याचं काय झालं हे शोधतात. या एका ओळीसाठी रेसिडेंटला दोन संध्याकाळ फोनवर बसावं लागलं, आणि मला वाटतं संपूर्ण थिसिसमधलं हे सर्वात मोलाचं काम होतं.

काय लिहिलं गेलं

थिसिस फेकून द्यावा लागला नाही. परिणाम उणा आला की थिसिस नापास होतो ही भीती रेसिडेंट लोकांत खोल बसलेली आहे, आणि तिच्यामुळेच रिमार्क्सचे कॉलम लपतात. शीर्षकातून 'परिणामकारकता' गेली आणि चालण्याचा कार्यक्रम राबवण्याची व्यवहार्यता आली: ७५ पैकी किती आले, किती टिकले, का गळाले. तिन्ही रीडिंग एका तक्त्यात शेजारी शेजारी आली: १६०, १५०, १४६. चर्चेच्या प्रकरणात पहिली घट कार्यक्रमाआधीची आहे हे पहिल्याच वाक्यात आलं. शून्यावर संपणाऱ्या २३० रीडिंगचा आलेख परिशिष्टात गेला. काकांची नोंद बदलली.

एक गोष्ट दुरुस्त होण्यासारखी नव्हती. हा हस्तक्षेपाचा अभ्यास होता आणि सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या अधिकृत नोंदवहीत, नोंदलेला नव्हता. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करता येते, नंतर नाही. मागच्या तारखेने काही करायचं नाही हे मॅडमनी स्वतःच ठरवलं आणि मर्यादांमध्ये तसं लिहून टाकलं.

पुढची चाचणी

खरी मजा यानंतर आली, कारण मॅडम आता पेटल्या होत्या. त्यांना उत्तर हवं होतं.

निवड एका रीडिंगवर नाही, तीन वेगळ्या दिवसांच्या भेटींवर; पहिली भेट सोडून द्यायची, उरलेल्या दोनची सरासरी १४० ते १५९ आली तर घ्यायचं. पाच मिनिटं बसवून, स्वयंचलित मशीनवर, आणि मोजणाऱ्या सिस्टरला गट कळू द्यायचा नाही. अर्ध्यांनी आता चालायचं, अर्ध्यांनी तीन महिन्यांनी, चिठ्ठी टाकून. सरासरीकडे परतणं दोन्हीकडे सारखं होईल. उन्हाळाही दोन्हीकडे सारखाच येईल.

माणसं किती? ५ चा फरक पकडायचा, पहिलं रीडिंग हिशेबात घेतल्यावर उरणारं विचलन १४.४, ताकद (खरा फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) ८० टक्के: दर गटात १३०. तीस टक्के गळती धरली तर १८६, दोन्ही मिळून ३७२. मागच्या वेळी ५२ वर तक्ता ७ उभा होता हे आठवून रेसिडेंट गप्प बसली.

मग कोणीतरी म्हणालं की एकाच सोसायटीतले दोघं वेगवेगळ्या गटांत गेले तर शेजारचा शेजाऱ्याला बोलावणारच, "चला हो, काय घरात बसलाय." तुलनेचा गटही चालू लागेल. म्हणून चिठ्ठी माणसाची नको, सोसायटीची काढू. पण एका सोसायटीतली माणसं एकमेकांसारखी असतात, त्याची किंमत मोजावी लागते. दर सोसायटीतून २० जण आणि साम्य फक्त ०.०२ धरलं तरी संख्या १.३८ पट होते, ३७२ चे ५१३. सव्वीस सोसायट्या. एकट्या रेसिडेंटच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून आणखी एका रुग्णालयाला जोडून घ्यायचं ठरलं आणि विषय एथिक्स कमिटीपुढे गेला.

कमिटीतल्या वकील बाईंचा प्रश्न सरळ होता: थांबलेल्या गटातल्या माणसाचा बीपी मधेच १७० झाला तर तुम्ही तुमचा अभ्यास सांभाळणार की त्याला? मॅडमचं उत्तर लेखी होतं. सहाव्या आठवड्याला दोन्ही गटांची तपासणी. दोन भेटींत १६० किंवा वर आला तर त्याच दिवशी औषध, दोन्ही गटांत एकाच नियमाने. औषध सुरू झालेल्या कोणालाही विश्लेषणातून वगळायचं नाही. आणि किती जणांना औषध लागलं हा स्वतंत्र निकाल म्हणून आधीच नोंदवलेला. वकील बाईंनी आणखी एक ओळ घालायला लावली: फोन न उचलणाऱ्याच्या घरी आरोग्यसेविका जाईल. ती ओळ घातल्यावर मंजुरी मिळाली, आणि दोन्ही रुग्णालयांनी आरोग्यसेविकेच्या प्रवासखर्चावरून लगेच भांडायला सुरुवात केली.